मिचम, हॉवर्ड
मिचम, हॉवर्ड : (१९१७–१९९६). अमेरिकन चित्रकार, कवी, बल्लव व मत्स्यपाककृतींचा लेखक. जन्म मिसिसिपी राज्यातील विनोना येथे. किशोरवयात मस्तिष्कावरणदाहाने ठार बहिरेपण आले. लाकडी ठशांची चित्रे काढणारा हा कलंदर न्यू ऑर्लीन्स आणि मॅसॅचूसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउन या बंदरांत रमला. प्रॉव्हिन्सटाउन सीफूड कुकबुक (१९७५) हे त्याचे सर्वांत सरस पुस्तक, चित्रेही त्याचीच. त्यात पोर्तुगीज कोळ्यांचे केलच्या पाल्याचे सूप, शिंपल्या, कॉड यांच्या जोडीला गावच्या वल्लींचे किस्से आहेत. मासे न खाणाऱ्यानेही ते वाचावे. क्रिओल गम्बो अँड ऑल दॅट जॅझ (१९७८) न्यू ऑर्लीन्सच्या खाद्यपरंपरेवर आहे. प्रॉव्हिन्सटाउनच्या मुदपाकखान्यांत उमेदवारी केलेल्या अँथनी बोर्डेनने किचन कॉन्फिडेन्शिअल (२०००) या पुस्तकात मिचमचे कौतुक केले आहे.