शिलेदार आणि बारगीर

स्मरणिकेसाठी आलेल्या कुलवृत्तांतांत यंदाही एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. ‘आमचे मूळपुरुष शिलेदार होते’ असे पुष्कळ कुटुंबांनी कळविले आहे; ‘बारगीर होते’ असे लिहिणारा मात्र विरळा. शिलेदार तो थोर आणि बारगीर तो हलका, ही समजूत यामागे असावी. ती अर्धीच खरी आहे.

दोन्ही शब्द फारसीतून आले. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. ते बाळगणारा तो शिलेदार. ‘बारगीर’ म्हणजे मुळात ओझे वाहणारे जनावर; पुढे ते नाव स्वारास पडले. (मिरवण्यास हा शब्द अवघडच, हे आम्हांसही मान्य आहे!) परंतु खरा भेद घोडा कोणाचा, एवढाच. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगीराचा घोडा धन्याचा असे.

आता शिवकाल पाहा. सरकारी पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी रचना सभासदाने आपल्या बखरीत दिली आहे. पंचवीस घोड्यांमागे पखालजी व नालबंदही नेमलेला होता. शिलेदारांस या पागेच्या हुकमतीत ठेवले होते, ते बंडास वाव राहू नये म्हणून. अर्थात महाराजांचा अधिक भरवसा बारगिरांच्या पागेवर होता. शिवाय, घोडा पडला की शिलेदाराचे भांडवलच बुडे. बारगीरास ती धास्ती नव्हती.

पेशवाईत शिलेदारी फोफावली आणि तिची प्रतिष्ठाही वाढली. ऐपतदार शिलेदार पाच-दहा घोडी बाळगी व त्यांवर आपले बारगीर बसवी; म्हणजे तेव्हाचा बारगीर नेहमी सरकारचाच असे असे नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 पासून बंगालवर चालून गेल्या, त्यांना तिकडील लोकांनी ‘बरगी’ म्हटले. ते या बारगिरांवरूनच; स्वार शिलेदार की बारगीर, हे तेथील रयतेने काय म्हणून पाहावे? पुढे इंग्रजांच्या देशी रिसाल्यांतही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली.

तेव्हा ज्यांच्या घरी मोडी कागद असतील त्यांनी मूळ शब्द, साल व धन्याचे नाव जसेच्या तसे उतरवून पाठवावे. कागदात ‘बारगीर’ असल्यास आम्ही ‘बारगीर’च छापू.