किरणोपचार आधी झाला असेल तर...

तंबाखू-चुना आणि मशेरीची सवय अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात नवी नाही. गाल वा हिरडीच्या कर्करोगात जबड्याचा भाग काढावा लागतो, तेव्हा उरलेली पोकळी भरून काढणे हा शस्त्रक्रियेचा तितकाच अवघड टप्पा ठरतो. छातीचा स्नायू त्वचेसह वर वळवून आणण्याची पद्धत एरियन यांनी १९७९ मध्ये मांडली. पायातील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून जबड्याच्या जागी बसविण्याचे तंत्र १९८९ मध्ये हिडाल्गो यांनी प्रसिद्ध केले. या तंत्रात त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

नेमकी येथेच अडचण येते. किरणोपचाराने कर्कपेशी मरतात. परंतु मानेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची भिंतही जाड होते, ऊती ताठर होतात आणि रक्तपुरवठा घटतो. पुढे जखम लवकर भरत नाही, टाके उसवतात, लाळ झिरपते, क्वचित जोडलेली वाहिनी तुंबून बसविलेला भाग निकामी होतो. अशा वेळी शल्यचिकित्सक किरणांच्या कक्षेबाहेरील छातीच्या स्नायूचा आधार घेतात, किंवा मानेच्या दुसऱ्या बाजूची वाहिनी शोधतात.

म्हणून शस्त्रक्रिया शक्य असलेल्या रुग्णांत प्रचलित क्रम असा : आधी शस्त्रक्रिया व पुनर्रचना, त्यानंतर गरज असल्यास साधारण सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार. अमेरिकेत सत्तरच्या दशकात दोन्ही क्रमांची तुलना झाली, तेव्हा नंतरच्या किरणोपचाराने मूळ जागी रोग अधिक आटोक्यात राहिल्याचे दिसले. मात्र स्वरयंत्र वाचविण्यासाठी किरणोपचारच प्रथम दिला असेल आणि रोग उलटला, तर किरणोपचार झालेल्या मानेवरच शस्त्रक्रिया करावी लागते. त्याला इलाज नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा किरणोपचार बहुधा ६० ग्रे, म्हणजे आठवड्याला पाच याप्रमाणे ३० बैठकांचा असतो. अकोले वा जामखेडच्या कुटुंबाला सहा आठवडे शहरात राहण्याची सोय करणे, हे कधी कधी शस्त्रक्रियेहून जड जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार समाविष्ट आहेत. राहण्याजेवणाचा प्रश्न उरतोच. उपचार मध्येच सोडले तर मात्र रोग उलटण्याचा धोका वाढतो.

किरणोपचारापूर्वी दातांची तपासणी टाळू नये. किडलेले दात आधीच काढून हिरडी भरू द्यावी. नंतर काढल्यास जबड्याचे हाड निर्जीव होण्याची भीती असते. पूर्वी किरणोपचार झाला असल्यास किती मात्रा, कोणत्या भागावर आणि केव्हा दिली, याची कागदपत्रे शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दाखवावीत.