काडतूस आणि विश्वास
सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्ट्या मागे टाकून रायपुराकडे जाताना आम्हांस एक जुनी कथा आठवते. नागपूरकर भोसल्यांचा हा मुलूख कंपनीने १८५४ मध्ये खालसा केला. पुढे १८५७ च्या जानेवारीत काडतुसांच्या चरबीवरून शिपाई बिथरले, तेव्हा सरकारने त्यांना स्वहस्ते पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली. मार्चमध्ये काडतूस दातांऐवजी बोटांनी फोडण्याचीही. वंगण बदलले, संशय राहिला. १८ जानेवारी १८५८ रोजी रायपुरात दारूगोळ्याच्या कोठारावर नेमलेल्या हनुमानसिंहानेच सार्जंट-मेजर सिडवेलला ठार केले. २२ तारखेस त्याचे १७ साथी फासावर गेले. हुकुमाने काडतूस बदलते, मन नव्हे. आम्हां सरकारी चाकरांनी हे विसरू नये.