विम संपादकाच्या तात्पुरत्या फाईली

विम हा मजकूर-संपादक डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसृत केला. फाईल उघडताच विम त्याच फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एक स्वॅप फाईल निर्माण करतो. २०० अक्षरे टंकल्यावर किंवा ४ सेकंद टंकन थांबल्यावर नवे बदल तीत उतरतात. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी बहुतेक मजकूर वाचतो. फाईल पुन्हा उघडताना विम तसा इशारा देतो. ती अन्यत्र उघडी नाही, याची खात्री करून 'रिकव्हर' निवडावे, मिळालेला मजकूर वेगळ्या नावाने जतन करून पडताळावा आणि मगच स्वॅप फाईल पुसावी. घाईत हा क्रम उलटा होतो आणि लिहिलेले गमवावे लागते.

'बॅकअप' पर्याय सुरू असल्यास जुनी प्रत नावाअखेर नागमोडी चिन्ह (~) घेऊन मागे उरते. घरच्या संगणकावर तो निव्वळ पसारा ठरतो. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर मात्र धोका. पीएचपी फाईल सर्व्हर स्वतः चालवतो, परंतु नाव बदललेली तिची प्रत तो साधा मजकूर म्हणून मागेल त्याला देऊ शकतो, डेटाबेसच्या पासवर्डासकट! म्हणून 'डिरेक्टरी' आणि 'बॅकअपडिर' या पर्यायांद्वारे या फाईली संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर, इतरांना वाचता न येणाऱ्या जागी ठेवाव्यात.