न लिहिलेल्या पाच हजार ताना

यादव राजा सिंघणाच्या (इ. स. १२१०–१२४७) दरबारी देवगिरीला शार्ङ्गदेव श्रीकरणाधिप होता, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख. ‘संगीतरत्नाकर’ वाचताना आपण हे विसरतो, पण स्वरगताध्यायात हा हिशेबनीस उघडच बोलू लागतो. सात स्वर एकेकदाच घेतले तर ताना होतात ५०४०. त्या सगळ्या लिहायच्या का?

त्याच्याकडे दोन वाटा आहेत. पहिली प्रस्ताराची: हातातल्या ओळीवरून पुढची ओळ काढण्याचा नियम. तीन स्वरांचा प्रस्तार असा: सरिग, रिसग, सगरि, गसरि, रिगस, गरिस. मागच्या ओळी पुसल्या तरी चालते. दुसरी वाट नष्टाची: नुसता क्रमांक सांगा, तान मिळेल. (तानेवरून क्रमांक काढणे ते उद्दिष्ट. ही नावे पिंगळाच्या छंदःशास्त्रापासूनची, शार्ङ्गदेवाची नव्हेत.) त्यासाठी त्याने खंडमेरू हा आकड्यांचा तक्ता दिला, त्याच्या घरांत खडे ठेवायचे.

हजारावी तान काढून पाहू. प्रत्येक स्तंभातला एकेक आकडा घेऊन १००० = १ + १ + २ + १२ + २४ + २४० + ७२०. सातव्या स्तंभात ०, ७२०, १४४०… असे आकडे असतात. ७२० हे दुसरे घर, म्हणून शेवटून दुसरा स्वर, ध, तानेच्या अखेरीस बसतो. तो काढून उरलेल्या सहांत २४० हे तिसरे घर, म्हणून म. असे उतरत गेले की तान येते: नि स ग रि प म ध. आधीच्या ९९९ ताना कुणी लिहिल्याच नाहीत.

जॉन मॅकार्थीने १९५८ साली आरंभलेल्या लिस्प या संगणकभाषेचा पायाच मुळी यादी. तिथेही पुढे हाच पेच आला. फ्रीडमन आणि वाइज यांनी १९७६ साली सुचवले, की यादी जोडताना तिचे घटक लगेच काढू नयेत, मागितल्यावर काढावेत. या आळशी यादीत एकदा काढलेला घटक जपला जातो. पुन्हा मागितला तर फुकट मिळतो. पण यादीचे डोके धरून शेवटपर्यंत गेलात, तर ५०४० ताना स्मृतीत साचतात. जनरेटर देणाऱ्या लायब्ररी, उदाहरणार्थ ‘स्नेक्स’, फक्त सध्याची अवस्था धरून पुढचा घटक देतात. हा शुद्ध प्रस्तार. रिचर्ड वॉटर्स यांची ‘सिरीज’ आणखी काटकसरी: क्रियांची साखळी, जमेल तिथे, संकलनाच्या वेळीच एका लूपमध्ये विरघळवते. एकदाच, सरळ पुढे जायचे असेल तर मी तीच निवडेन. मागे वळायचे असेल तर आळशी यादी.

आपल्याकडे संगणक आधीच होता, असे यावरून कुणी म्हणू नये. तो पोरकटपणा होईल. पण एक फरक नोंदवण्याजोगा आहे. हजारावी तान हवी, तर या तिन्ही लायब्ररी एरवी ९९९ पायऱ्या चढूनच तिथे पोहोचतात. नष्टाची युक्ती त्यांच्या सर्वसाधारण यंत्रणेत नाही, कारण आपल्या यादीची घडण त्यांना ठाऊकच नसते. शार्ङ्गदेवाला ती ठाऊक होती, आणि खंडमेरू म्हणजे तीच घडण आकड्यांत मांडलेली.

पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ छापला. संगीताचे अभ्यासक तो वाचतात. गणिताच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी यातले हे प्रकरण तेवढे वेगळे काढून, शेजारी खडे घेऊन वाचावे.