ठिगळाखालचा गंज

मोटारीचा पत्रा गंजून भोक पडले की वरून दुसरा पत्रा ठोकायचा, कडा पुट्टीने भरायच्या आणि रंग मारायचा, ही रीत आपल्या गल्लीबोळांत सर्रास दिसते. एक-दोन पावसाळ्यांत ठिगळाच्या कडेने रंगाला फोड येतात आणि आपण डेंटरला दोष देतो. पण खरे कारण शोधायचे तर रसायनशास्त्राच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हवेतील कार्बन डायॉक्साइड पाण्यात विरघळून जे आम्ल बनते तेच लोखंड खाते, असे अनेक रसायनतज्ज्ञ मानत. १९०३ साली अमेरिकेतील विलिस व्हिटनी यांनी गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे असे मांडले. मात्र क्षरणाचे शास्त्र म्हणता येईल अशी बैठक घातली ती केंब्रिजच्या युलिक रिचर्डसन इव्हान्स (१८८९–१९८०) यांनी.

त्यांचा १९२० च्या दशकातला एक प्रयोग वर्गात सहज करता येतो. लोखंडी पट्टी घासून स्वच्छ करा. मिठाच्या पाण्यात थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन मिसळून त्याचा एक थेंब पट्टीवर ठेवा. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यावर निळा रंग येतो आणि कडेला गुलाबी. निळा म्हणजे लोखंड विरघळते आहे. गुलाबी म्हणजे तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनवतो आहे. ऑक्सिजनमुळे गंज चढतो हे आपण मुलांना शिकवतोच. पण झिजते ते जिथे ऑक्सिजन कमी पोचतो तिथले लोखंड! ही गोष्ट प्रथम पाहणाऱ्याला उलटी वाटते, आणि म्हणूनच ती दाखवण्याजोगी आहे.

आता ठिगळाकडे पाहू. दोन पत्र्यांमधल्या फटीत ओल शिरते आणि सुकत नाही. कडेला हवा भरपूर, आत तुटपुंजी, म्हणजे आतला पत्रा धनाग्र झाला. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. तो फुगतो आणि जोडलेले पत्रे एकमेकांपासून उचकटतो.

सुरुवातीच्या मोटारींत हे फारसे धोक्याचे नव्हते. भार वाहायला खाली स्वतंत्र सांगाडा होता. वरचा पत्रा निव्वळ कवच. लॅन्शियाच्या लँब्डा गाडीने (१९२२) आणि पुढे मोठ्या संख्येने बनलेल्या सित्रोएनच्या १९३४ च्या गाडीने तो सांगाडा वगळला आणि भार कवचावरच टाकला. १९५३ च्या फियाट ११०० ची बांधणी अशीच होती. तिचीच वंशज म्हणजे कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, जिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशा गाडीत दाराच्या उंबऱ्याखालची पत्र्याची पोकळ पेटी ही घराच्या तुळईसारखी असते. तिच्यावर ठिगळ लावून रंग मारणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला वॉर्निश लावणे होय.

म्हणून जुनी गाडी नीट करणारा जाणकार आधी तोडतो. पुट्टी कुठे आहे ते चुंबक सांगते, कारण पुट्टीला ते चिकटत नाही. मग जुनी ठिगळे काढायची आणि चकचकीत, पुरेशा जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापत जायचे. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करावी लागते, नाहीतर चौकट वाकते आणि दार पुन्हा बसत नाही. नवा तुकडा शक्यतो जुन्यावर चढवत नाहीत, कडेला कड भिडवून जोडतात. चढवला की पुन्हा फट आली, आणि फट आली की इव्हान्सचा थेंब!

पुष्कळ गाड्यांच्या या पेटीला तळाशी पाणी निथळण्यासाठी मुळातच भोके ठेवलेली असतात. जुनी ठिगळे काढताना ती बऱ्याचदा पुट्टीने बुजलेली सापडतात.