सोपे करावे, कमी करू नये
(पदवीच्या पहिल्या वर्षातील वाचन-लेखन साहाय्य : प्रस्तावना)

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. पुढे बडोद्यात असताना त्यांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, मराठीतली गीता मागितली. विनोबांनी गद्य भाषांतर आणून दिले. पद्य हवे म्हटल्यावर वामन पंडितांची समश्लोकी आणली, पण तीही आईला जड गेली. तेव्हा ‘मग तूच का करत नाहीस?’ असे तिने मुलाला विचारले. १९१८ मध्ये ती गेली. ‘गीताई’ लिहून झाली १९३०-३१ मध्ये. तिच्यात श्लोकाला श्लोक आहे. वाचणारीचे शिक्षण बेताचे म्हणून एकही श्लोक गाळलेला नाही.

वाचन-लेखन साहाय्याच्या या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या अध्यापकांचे स्वागत करताना हे उदाहरण आधी ठेवावेसे वाटते. वाचणारा अडला, तर वाट करून देण्याची जबाबदारी जाणत्यावर येते आणि ती पार पाडताना आशय आक्रसू द्यायचा नसतो. पुढची सगळी चर्चा या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आज गागोद्याचा किंवा आसपासच्या वाडीवरचा विद्यार्थी बारावीनंतर पेणला किंवा रोह्याला कॉलेजात जातो. अनेकदा घरातून पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच असतो. पहिल्या चाचणीचे पेपर तपासून झाले की ‘यांना लिहिताच येत नाही’ हे वाक्य स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येते. त्या एका वाक्यात तीन वेगळ्या अडचणी मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करणे हे आपले पहिले काम.

पहिली अडचण वाचनाच्या ओघाची. ‘असर’ या शैक्षणिक स्थितीच्या अहवालासाठी २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. त्यांतले काही कॉलेजातही पोचतात. त्यांना रोज थोडे मोठ्याने वाचून घेणारा माणूस हवा असतो. दुसरी अडचण बोली आणि प्रमाण लेखन यांच्यातल्या अंतराची. घरी आगरी बोलणारा विद्यार्थी ‘पानी’, ‘शाला’ लिहितो तेव्हा तो कानाशी प्रामाणिक असतो. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ हा त्याच्या बोलीचा नियम आहे. नियम दाखवून दिला की दुरुस्ती लवकर होते, हिणवले की लिहिणेच थांबते. कातकरी घरातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी तर हे अंतर आणखी मोठे.

तिसरी अडचण सर्वांत व्यापक, आणि ती मराठी उत्तम असलेल्यांनाही येते. लेखकाचे म्हणणे कुठे आणि त्याने दिलेला पुरावा कुठे, हे ओळखायचे कसे? दोन मते समोर ठेवून आपले तिसरे मांडायचे कसे? बारावीपर्यंत हे फारसे कुणी मागितलेले नसते. जे शिकवलेच नाही, त्याची उणीव विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही.

लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी हेच न्यूयॉर्कमध्ये पाहिले. १९७० मध्ये तिथल्या नगर विद्यापीठाने प्रवेश सर्वांना खुले केले. त्या लाटेत आलेल्यांचे हजारो निबंध त्यांनी वाचले आणि चुकांमागेही रीत असते, हे १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. पुढे प्रश्न आला रचनेचा. आधी वेगळा पूर्वतयारीचा वर्ग आणि तो पार केल्यावर मुख्य अभ्यासक्रम, या पद्धतीत पुष्कळ विद्यार्थी मध्येच गळतात. बाल्टिमोर परगण्याच्या कम्युनिटी कॉलेजात पीटर ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी २००७ पासून ही पद्धत बदलली. अशा विद्यार्थ्यांना थेट मुख्य वर्गात बसवले आणि त्याच शिक्षकाचा लहान गटातला जोडतास दिला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये याच दिशेने कायदा केला.

आपल्याकडचे उपचारात्मक वर्ग बहुधा तास सुटल्यावर भरतात. श्रेयांक नाहीत, वर गाळलेल्या जागा भरण्याचा सराव. आशय कमी केला जातो तो इथेच. शिवाय गावाकडची एसटी चुकवून थांबणे परवडत नाही, त्यामुळे ज्याला गरज तोच गैरहजर. म्हणून साहाय्य वेळापत्रकाच्या आत आणि श्रेयांकांसह हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात क्षमतावर्धनाच्या अभ्यासक्रमांना किमान ८ श्रेयांक आहेत. ही जागा व्याकरणाच्या उजळणीत घालवू नये.

तिथे खरा मजकूर आणावा. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या (सेझ) भूसंपादनावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. राज्यशास्त्राच्या वर्गात या घटनेवरचे दोन परस्परविरोधी लेख पूर्ण वाचावेत. पहिल्या आठवड्यात मोठ्याने वाचन आणि अवघड शब्दांवर बोलणे. दुसऱ्यात प्रत्येक परिच्छेदाचे एका वाक्यात सार, बोलीत सांगितले तरी चालेल. तिसऱ्यात स्वतःचा एक परिच्छेद, प्रमाण मराठीत. चौथ्यात शिक्षकाच्या शेऱ्यांनंतर त्याचेच पुनर्लेखन, आणि गुण या दुसऱ्या खर्ड्याला. पायऱ्या वाढवल्या आहेत, लेख मात्र मूळचेच आहेत.

हे काम एकट्या मराठी विभागाचे नाही. अर्थशास्त्राचा लेख कसा वाचावा, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाइतके नेमके दुसरा कोण दाखवणार? वर्ग मोठे असतात, तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांकडे वेळ थोडा असतो, ही अडचण खरी आहे. तरी एका सत्रात एक लेख आणि एक पुनर्लेखन, एवढ्यापासून आरंभ करता येतो. या क्षेत्रात अजून पुष्कळ करण्यासारखे आहे. आगरी, कातकरी, ठाकरी बोलणाऱ्यांच्या लेखनातल्या चुकांची रीत नोंदवून ठेवायची आहे, मराठीतून विषयनिहाय वाचनसंच करायचे आहेत. त्यासाठी आपल्या वर्गातले पेपर पुन्हा एकदा काढा आणि या वेळी गुण देण्यासाठी नव्हे, तर विद्यार्थी नेमका कुठे अडला आहे ते शोधण्यासाठी वाचा.